समोरचे अकरा



शाळाशाळांचे सामने सुरू झाले की रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मुलांच्या धावांचा हिशेब सुरू होतो. कोणी पन्नास काढले, कोण शून्यावर बाद झाला, हे मला उपासनेची वस्त्रे उतरवून बाहेर येईपर्यंत कळलेले असते. या गप्पा मला आवडतात. पण त्या ऐकताना एक जुना प्रश्न पुन्हा मनात येतो, तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या पृथ्वी शॉने ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. तेव्हा तो अवघा १४ वर्षांचा होता. मुंबईभर त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. समोरचा संघ होता आपल्या उपनगरातला, बोरिवलीच्या माउंट पोयसरवरील सेंट फ्रान्सिस डि'असिसी शाळेचा. त्यांच्या पहिल्या डावात ९२ धावा झाल्या, रिझवीच्या ९९१. पृथ्वीचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हात चेंडूमागे धावणाऱ्या त्या अकरा मुलांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते का?

पुढे जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले.

प्रश्न असा : जो हरलाच आहे त्याला आणखी हरवत राहणे योग्य आहे का?

पटकन 'नाही' म्हणू नका. दुसरी बाजूही खरी आहे. समोरचा दुबळा आहे म्हणून मुद्दाम बाद होणे, मुद्दाम हळू चेंडू टाकणे, हा त्याचा अपमानच. लहान भावाला कॅरममध्ये आपण जिंकू देतो आणि त्याला ते कळते, तेव्हा तोच जास्त रडतो. मन लावून खेळणे म्हणजे 'मी तुला माझ्या तोडीचा समजतो' असे सांगणे. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच आपल्या अंगातली ताकद उमगत असेल, तर त्याने थांबावे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे खेळावरचे विवेचन वाचून मला आश्चर्य वाटले होते. इतका गंभीर विचारवंत, पण खेळाला आणि विनोदाला तो सद्गुणांच्या चर्चेत जागा देतो. शरीराला विश्रांती हवी तशी मनालाही हवी, असे तो म्हणतो. मात्र खेळालाही मर्यादा हवी. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी सांगितले की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. हे दोन विचार जोडले की मला वाट दिसते. सामना चालू आहे तोवर समोरचा माझा प्रतिस्पर्धी असतो. ज्या क्षणी निकालाचा प्रश्न उरत नाही आणि फक्त माझा आकडा वाढवण्यासाठी तो मैदानावर उभा असतो, त्या क्षणी तो साधन बनतो. ती वेळ ओळखणे हे मुलाचे काम नाही. ते काठावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचे काम आहे.

१९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची भागीदारी केली. डाव सोडा, असे सहायक प्रशिक्षक खुणावत असतानाही दोघे खेळत राहिले. शेवटी आचरेकर सरांचा हुकूम आला, तेव्हा कांबळी ३४९ वर होता. सरांना सामना जिंकायचा होता. दयेपोटी त्यांनी डाव सोडला असे मी म्हणणार नाही. पण 'आता पुरे' म्हणणारा कोणीतरी तिथे होता.

त्या दिवशी झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. २००१ मध्ये तो भारतासाठी कसोटी खेळला. हे उदाहरण देऊन लेख संपवणे सोपे होते : हरलात तरी खचू नका, पुढे मोठे व्हाल! पण ते पूर्ण सत्य नाही. त्या अकरांतले बहुतेक कधीच मोठे खेळाडू झाले नाहीत. सेंट फ्रान्सिसची ती मुले आता नोकरीधंद्याला लागली असतील, सकाळी बोरिवली स्टेशनवर गाडी पकडत असतील. नऊशे धावा होईपर्यंत ती मैदानावर उभी राहिली आणि शेवटपर्यंत चेंडू अडवत राहिली. पुढे काही झाले म्हणून नव्हे, तर तेवढ्यासाठीच ती आदराला पात्र आहेत.

रग्बीत एक छान प्रथा आहे. सामना संपला की एका संघाचे खेळाडू दोन रांगांत उभे राहतात आणि दुसऱ्या संघाला टाळ्या वाजवत मधून जाऊ देतात. अंगावर चिखल दोघांच्याही असतो.

पालकांनो, पुढच्या सामन्यानंतर मुलाला 'किती काढल्यास?' हे जरूर विचारा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा : 'समोर कोण होते रे? त्यांच्यातला चांगला कोण खेळला?' त्याला एक तरी नाव सांगता आले पाहिजे.

तुमचा,
धर्मगुरू