सोबती

आमच्या भाचीने समाजशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरवलं तेव्हा मला आनंदच झाला. घरात एक तरी माणूस असा असावा की ज्याचं बोलणं इतरांना कळत नाही आणि तरीही कोणी त्याला डॉक्टरकडे नेत नाही. उलट त्यालाच डॉक्टर म्हणतात. पण ह्या आनंदाची किंमत मला मोजावी लागेल असं वाटलं नव्हतं. एका रविवारी सकाळी, मी अर्धी दाढी करून झालेली असताना, ती चौदा पानांची प्रश्नावली घेऊन दारात उभी राहिली.

"मामा, तू माझा प्रतिसादक आहेस."

बँकेच्या काउंटरवर छत्तीस वर्षं बसलेल्या माणसाला लोक काय काय म्हणतात याची तुम्हांला कल्पना असेलच. पण 'प्रतिसादक' मला कोणी म्हटलं नव्हतं. प्रबंधाचा विषय होता 'नागरी सहभाग, मानव-यंत्र भागीदारी आणि कार्यस्थळी समावेशन'. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. तीन प्रबंध चुकून एका पिशवीत भरले गेले असावेत, असं माझं मत झालं. मात्र मत असून उपयोग नव्हता, कारण प्रत्येक प्रश्नापुढे पाचच चौकोन होते. 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. ही पद्धत लिकर्ट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी १९३२ साली काढली, असं भाचीने सांगितलं. लिकर्टसाहेबांच्या घरी जेवायला बहुधा एकटेच असावेत. आमच्याकडे दोडक्याच्या भाजीवर पाचाहून जास्त मतं पडतात.

प्रश्न सतरावा असा: 'यंत्राच्या आगमनानंतर कार्यस्थळी आपणांस अधिक समावेशित वाटले.'

दाढीचा साबण वाळला तरी माझा हात पुढे सरकेना. शेवटी म्हटलं, "हे मला विचारू नकोस. हॅलोसाहेबांना विचार."

हॅलोसाहेब म्हणजे आमच्या शाखेचे टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून अंध. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा तो बोर्ड असे आणि बोर्डासमोर ते ताठ बसलेले असत. बाहेरचा माणूस नुसतं "हॅलो" म्हणाला की हे त्याचं नाव, खातं आणि सर्दी झाली असेल तर तीही ओळखत. शाखेतल्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक फोन त्यांच्या हातून जायचा. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या मेव्हण्याने पैसे बुडवले, बदली रद्द करून घेण्यासाठी कोण कोणाचे पाय धरतो आहे, सगळं त्यांना ठाऊक. मी स्वतः दुसऱ्या बँकेत अर्ज केला होता तो त्यांच्याच बोर्डावरून. (ती नोकरी मिळाली नाही, म्हणून ही मिळालेली टिकली.) इतक्या वर्षांत त्या खोलीतून एक शब्द बाहेर आला नाही.

आता माझी गोष्ट ऐका.

१९८५ साली विधानसभेची निवडणूक होती. अंध मतदाराला मतदानासाठी एक सोबती नेता येतो, असा नियम आहे. हा शब्द सरकारी असूनही गोड आहे. सोबत्याने दिवसात एकाच मतदाराचा सोबती व्हायचं आणि आत जे झालं ते गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं. एरवी हॅलोसाहेबांबरोबर त्यांचा भाऊ जात असे. त्या वेळी तो गावाला गेला होता, म्हणून मी आपण होऊन पुढे झालो. ऐटीत प्रतिज्ञापत्रावर सही ठोकली. आडोशामागे गेल्यावर हॅलोसाहेबांनी माझ्या कानाशी एका अपक्षाचं नाव घेतलं.

त्या अपक्षाला त्याच्या घरची माणसं तरी मत देतील की नाही याची मला शंका होती. आमच्या युनियनच्या पुढाऱ्यांनी दुसऱ्याच उमेदवारासाठी महिनाभर घसा फोडला होता आणि मीही त्याच बाजूचा. मतपत्रिका माझ्या हातात, शिक्का माझ्या हातात. बाजूला डोळे नसलेला एक माणूस माझ्या खांद्याला धरून उभा. मी शिक्का कुठे मारला हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. खोटं कशाला सांगू? माझा हात दोन सेकंद हवेत थांबला होता.

मग मी अपक्षावर शिक्का मारला. नीट, घडी घालून मतपत्रिका त्यांच्या हातात दिली. बाहेर आलो तेव्हा मला राजा हरिश्चंद्र झाल्यासारखं वाटत होतं.

पण हरिश्चंद्राची एक सोय होती. त्याचा सत्यवादीपणा सगळ्या जगाला माहीत होता. माझा कोणालाच माहीत नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये कांदाभजी आली, चौथं भजं तोंडात घातलं आणि माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "काल मी काय केलं ठाऊक आहे? मला अजिबात न पटणारा माणूस, तरी हॅलोसाहेबांनी सांगितलं तिथेच शिक्का मारला! दुसरा कोणी असता तर..." पुढचं भाषण तुमच्या लक्षात आलं असेल. प्रामाणिकपणाचा पुरावा द्यायचा तर अपक्षाचं नाव सांगावंच लागलं. पुढारी शेजारच्या टेबलावर चहा पीत होते.

चारच्या सुमाराला पुढारी जिन्याखालच्या खोलीत डोकावले आणि हसत हसत म्हणाले, "काय हॅलोसाहेब, आम्हांला पाडायला निघालात काय?"

हॅलोसाहेब इतकंच म्हणाले, "आज कॅन्टीनमध्ये भजी होती वाटतं."

मला ते काही बोलले नाहीत. माझे फोन पूर्वीसारखेच जोडून देत. पण पुढच्या निवडणुकीपासून भाऊ गावाला असला तर ते मतदानालाच गेले नाहीत. बरेच दिवस मी मनाशी वाद घालत होतो की मी फसवणूक तर केली नाही ना? मत होतं तिथेच पडलं ना? मग माझं चुकलं कुठे? असे वाद माणूस नेहमी स्वतःशी घालतो, कारण तिथे जिंकण्याची शक्यता जास्त.

तुम्ही म्हणाल, यात यंत्र कुठे आलं? येतंय.

बँकांमध्ये संगणक येणार म्हटल्यावर आम्ही कमी मोर्चे काढले नव्हते. १९८३ साली युनियन आणि बँका यांच्यात त्यावर रीतसर करार झाला. यंत्राने माणसाची भाकरी खाऊ नये, हे मी स्वतः पुठ्ठ्यावर रंगवलेलं आहे. पण १९९४ च्या आसपास आमच्या शाखेत ते आपोआप फोन जोडणारं एक्स्चेंज आलं तेव्हा एकही पुठ्ठा रंगवला गेला नाही. का? तर आम्हांला आता टेबलावरून थेट नंबर फिरवता येत होता आणि मधे कोणी ऐकत नव्हतं. मीटिंगमध्ये विषय निघाला, दोन मिनिटांत संपला. पगार चालू राहील ना? राहील. मग झालं तर. मी मीटिंगला होतो. चहाही घेतला.

साहेब मायाळू होते. म्हणाले, "त्यांना काही काम सांगू नका, उगाच त्रास व्हायचा." हॅलोसाहेबांना एक रिकामं टेबल मिळालं. साडेदहाला यायचं, त्या टेबलावर बोटं ठेवून बसायचं, साडेपाचला जायचं. असे नऊ वर्षं. दिवाळीला आम्ही त्यांना सर्वांत आधी मिठाईचा पुडा द्यायचो. १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या; २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के झाल्या. जागा राखून ठेवता येते. काम कोण राखून ठेवणार?

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने पटकन वहीत एक शिडी काढली. शेरी आर्नस्टाइन नावाच्या बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती म्हणे. सर्वांत खाली लोकांना नुसतं खेळवणं, मधे कुठेतरी त्यांचं मत विचारून घेणं, पाचवीवर मनधरणी, सहावीवर भागीदारी आणि सर्वांत वर, कारभारच लोकांच्या हातात. "मामा, तुमचा मिठाईचा पुडा पाचवीवर," ती म्हणाली. मला ते फार वर वाटलं. आम्ही शिडीच दुसऱ्या भिंतीला लावली होती.

२००३ साली हॅलोसाहेबांनी महिन्याची रजा घेतली आणि स्वतःच्या खर्चाने संगणक शिकून आले. पडद्यावरचं बोलून दाखवणारी एक प्रणाली असते, 'जॉज'. नाव ऐकून मला तो शार्कमाशाचा सिनेमा आठवला. ती टेड हेंटर नावाच्या माणसाने काढली. हा गडी मोटारसायकलच्या शर्यतींत धावायचा. १९७८ साली अपघातात त्याचे डोळे गेले. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन ह्या तरुणाने तशीच एक प्रणाली सुरू केली, जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, आणि ती जगाला फुकट दिली. हे दोघेही अंध. म्हणजे बघा, मायाळू साहेबांनी यातलं काहीच केलं नाही. ज्यांना अडत होतं त्यांनीच केलं.

त्यानंतर हॅलोसाहेब कानाला यंत्र लावून शाखेचा पत्रव्यवहार सांभाळू लागले. ते यंत्र इतक्या वेगाने बोले की मला एक शब्द कळत नसे. मी एकदा म्हटलं, "काही अडलं तर मला हाक मारा हं!" ते म्हणाले, "हो, मारीन की." निवृत्त होईपर्यंत त्यांनी हाक मारली नाही. खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटलं. रिकाम्या टेबलाशी बसलेल्या हॅलोसाहेबांना पाणी आणून देताना मला जितकं बरं वाटायचं, तितकं ते कामात असताना वाटेना. हे कबूल करायला लिकर्टसाहेबांनी चौकोन ठेवलेला नाही.

एप्रिल २००९ च्या लोकसभेच्या वेळी मतदानयंत्रावर ब्रेलमध्ये आकडे आले. उमेदवारांची नावंही ब्रेलमध्ये छापलेल्या कागदावर मिळत. आदल्या रात्री मी फोन केला, "येऊ का बरोबर?" म्हणाले, "या की, रांगेत गप्पा होतील." आत ते एकटे गेले. बोटांनी कागद वाचत होते म्हणून वेळ लागला. मागे कोणीतरी कुरकुरलं, तेव्हा मीच त्याच्यावर डोळे वटारले. मग यंत्राची ती लांब शिट्टी वाजली. हॅलोसाहेब बाहेर आले ते एखादा अवघड ट्रंककॉल लागल्यासारखे.

"कोणाला दिलंत?" मी विचारलं.

"लाइन एंगेज आहे," ते म्हणाले.

पंधरा वर्षं मी विचारत होतो आणि लाइन एंगेज होती.

मग यंत्राला ती काचेची पेटी जोडली गेली. बटण दाबलं की काचेमागे चिठ्ठी दिसते, त्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह, सात सेकंद, आणि मग चिठ्ठी खाली पडते. मतदाराची खात्री पटावी म्हणून. २०१९ च्या लोकसभेला ती देशभर होती. म्हणजे सगळ्या मतदारांना खात्री पटली, एकट्या अंधांना सोडून. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. त्याच्या दोन दिवस आधी हॅलोसाहेबांचा फोन आला.

"ती चिठ्ठी माझ्या वतीने कोण वाचणार हो?"

मी जीभ आवरली. आपण होऊन पुढे व्हायची चूक एकदा झाली होती.

"पेच बघा कसा आहे," ते म्हणाले. "यंत्र खोटं बोललं तर मला कळणार नाही. तुम्ही खरं बोललात तर गावाला कळेल."

थोडा वेळ लाइनवर नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "साडेआठला या. सही करायला पेन आणा."

एकोणचाळीस वर्षांनी मी त्याच प्रतिज्ञापत्रावर सही केली. हात थोडा कापला. वयाने कापला असं समजा. बटण त्यांनीच शोधलं, त्यांनीच दाबलं. मी फक्त काचेकडे पाहिलं. सात सेकंद हा फार मोठा वेळ असतो. त्यांनी मान माझ्याकडे कलती केली आणि मी कानात एक नाव सांगितलं. त्यांनी माझा खांदा किंचित दाबला.

बाहेर आल्यावर सारसबागेत आमच्या निवृत्तांच्या बाकावर गेलो. सगळ्यांना ठाऊक होतं मी कुठून येतोय. कोणीतरी भेळ आणली. मी दोन घास खाल्ले आणि उठून घरी आलो. आणखी बसलो असतो तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

परवा भाची हॅलोसाहेबांची मुलाखत घेऊन आली. दोन तास बसली होती म्हणे. मी दारातच गाठली. सतराव्या प्रश्नाला ते काय म्हणाले?

"प्रतिसादकाची गोपनीयता असते, मामा."

"बरं, माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"तेही त्यातच येतं."

तेवढ्यात सौ. आतून म्हणाली, "अगं, बस जरा. पाऊस पडतोय, गरम गरम भजी तळते."

"नको मामी," भाची घाईघाईने म्हणाली, "मामासमोर भजी नको."