ख्रिसमस ट्रीवर काय टांगावे?



आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी माळ्यावरची खोकी खाली येतात. गोठ्यातले पुतळे, ताऱ्याच्या काड्या आणि गेल्या वर्षी नीट गुंडाळून ठेवूनही या वर्षी हमखास न पेटणाऱ्या दिव्यांच्या माळा. पूर्वी आपल्या वसईत किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी आणून बादलीत वाळू भरून उभी करीत. तिच्यावर कापूस पसरायचा, आलेली शुभेच्छापत्रे दोऱ्याने बांधायची, की झाले झाड. आता घडीचे प्लास्टिकचे झाड आले आणि त्याबरोबर बाजारातले रंगीत गोळेही आले.

गेली काही वर्षे घरभेटींच्या वेळी आम्हाला आणखी एक बदल दिसतो आहे. काही घरांत या गोळ्यांच्या जागी कुटुंबाच्या प्रवासातल्या वस्तू टांगलेल्या असतात. वेलंकनीहून आणलेले शिंपले, दुबईच्या विमानतळावर घेतलेली किल्लीची साखळी, लूर्द्सच्या पाण्याची छोटी बाटली, जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने कुठल्याशा बंदरातून आणलेली लाकडी होडी. २०२४-२५ मध्ये जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेविअर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले, तिथली पदकेही गेल्या नाताळात झाडांवर चढली.

ह्यावरून धर्मग्रामात दोन मते आहेत. एका आजींनी आम्हाला सरळच विचारले, “फादर, ही नाताळची तयारी, का पासपोर्टचं प्रदर्शन?” दुसरीकडे आपल्या युवकांनी सुचवले आहे की चर्चच्या आवारातल्या मोठ्या झाडावर या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या प्रवासाची एक वस्तू लावावी. म्हणजे प्रश्न आता घराच्या उंबऱ्याबाहेर आला आहे आणि त्याचे उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

आजींचा आक्षेप नवा नाही. घरात झाड सजवण्याचा एक जुना उल्लेख १६०५ सालचा, स्ट्रासबुर्ग शहरातला आहे. कागदी गुलाब, सफरचंदे, पातळ भाकऱ्या, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ त्या झाडांवर टांगलेले होते. काही दशकांनी त्याच शहरातल्या दानहाउअर नावाच्या ईशज्ञानपंडिताने त्यावर टीका केली. बाहुल्या आणि साखर लटकवण्यापेक्षा मुलांना ख्रिस्ताकडे न्या, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. आपण कॅथलिकांनी तर हे झाड बरेच उशिरा आपले केले. आपला वारसा गोठ्याचा, संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी उभारलेल्या देखाव्याचा. संत पेत्राच्या चौकात पहिले झाड उभे राहिले ते १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्या काळात. झाड पाहुणे म्हणून घरात आले आहे. त्याने गोठ्याची जागा अडवू नये, एवढे आजींचे म्हणणे आम्हाला शंभर टक्के मान्य आहे.

पण प्रवासाच्या खुणा जपणे ही निव्वळ हौस आहे का? पवित्र शास्त्रात ह्याचे एक ठळक उदाहरण आहे. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून आले तेव्हा यहोशवाने बारा वंशांतले बारा पुरुष पुन्हा नदीच्या पात्रात पाठवले. प्रत्येकाने एकेक धोंडा खांद्यावर घेऊन यायचे होते. ते बारा धोंडे गिलगाल येथे उभे करण्यात आले. कारणही तिथेच दिले आहे. पुढे मुले विचारतील, हे धोंडे कशाचे? तेव्हा आईबापांनी नदी कशी ओलांडली ते सांगायचे. ध्यानात घ्या, धोंडे नदीतले, साधे, ओबडधोबड. त्यांना बाजारात काही किंमत नव्हती. मुलाच्या प्रश्नासाठी ते आणले होते.

त्याच पुस्तकात, त्याच प्रवासातली दुसरी एक वस्तूही सांगितली आहे. यरीहो पडल्यावर आखान नावाच्या माणसाने शिनारचा एक सुंदर झगा, दोनशे शेकेल रुपे आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट उचलली आणि आपल्या तंबूत जमिनीखाली पुरून ठेवली. तीही प्रवासातून आणलेलीच वस्तू! पण तिच्याविषयी मुलांना काय सांगणार? धोंडे उघड्यावर उभे राहिले आणि झगा जमिनीखाली गेला. आमच्या मते कसोटी इथे सापडते. वस्तू महाग की स्वस्त, पॅरिसची की पालघरची, हा प्रश्न दुय्यम आहे. मुलाने बोट दाखवून विचारले तर तिची पूर्ण गोष्ट त्याला सांगता येते का, हे पाहावे.

इथे तत्त्वज्ञान थोडे उपयोगी पडते (सेमिनरीत ते शिकताना आम्हालाही उपयोग काय असे वाटे, ते असो). इसवी सन ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांच्या वादावर निर्णय दिला. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ती ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे तो जातो, असे ठरले. शिंपला ही काही पवित्र प्रतिमा नव्हे. तरी नजर कशी चालते ते समजायला हा विचार पुरेसा आहे. काही वस्तूंवर नजर पोहोचते आणि पुढे निघते: ज्या माउलीकडे गेलो तिच्याकडे, रात्रभर रेल्वेत ज्यांनी आपल्याला जागा दिली त्यांच्याकडे. काही वस्तूंवर मात्र नजर येते आणि उलटी फिरून मालकाकडे जाते, म्हणजे ‘मी तिथे होतो’ इथे. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या असू शकतात. फरक सांगणाऱ्याच्या तोंडात असतो.

संत ऑगस्टीन ह्यांनी ‘कबुलीजबाब’ ह्या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मरणशक्तीला विशाल राजवाडे म्हटले आहे आणि तिथेच एक खंतही व्यक्त केली आहे: माणसे डोंगर, समुद्र आणि तारे पाहून थक्क होतात, स्वतःच्या आत मात्र पाहत नाहीत. १३३६ साली इटालियन कवी पेत्रार्क व्हेंतू नावाच्या डोंगरावर चढला. शिखरावर त्याने बरोबरचा हा ग्रंथ उघडला तो नेमका त्याच पानावर. त्यानंतर खाली उतरेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही, असे त्याने पत्रात लिहून ठेवले आहे. आजच्या सहलीत शिखरावर पोहोचताच सेल्फी काढली जाते. तिच्यावर टीका करणे सोपे आहे, आम्ही ती करणार नाही. पण घरी आल्यावर, डिसेंबरच्या एखाद्या संध्याकाळी, ती होडी खोक्यातून काढून हातात धरताना जो एक क्षण थांबावे लागते, त्यात ऑगस्टीन ह्यांना हवे होते ते थोडेतरी घडत असावे. मोबाइलमधली चार हजार छायाचित्रे आपल्याला असे थांबवत नाहीत.

आता अवघड भागाकडे वळू. आपण झाडावर फक्त सुखाचे प्रवास टांगतो. मनालीचे टांगतो, पण परळच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहा महिन्यांच्या फेऱ्या? विरार लोकलचा तो पास कुणी टांगत नाही. बाबा कुवेतला निघाले तेव्हा त्यांना सोडायला गेलो, त्या रात्रीचे काय? ज्या घरात कुणी कधी फिरायला गेलेच नाही, त्यांचे झाड रिकामे का? निवडून आठवणे हा माणसाचा स्वभाव आहे. पण सोयीचे तेवढेच आठवून मुलांपुढे घराचा इतिहास म्हणून मांडला तर ते अर्धसत्य होते. मूल मोठे झाल्यावर त्याला वाटते, आपल्या घरावर संकट कधी आलेच नव्हते, मग आपल्यावरच का?

ह्या झाडाचा उगम इथे आपल्या मदतीला येतो. अनेक अभ्यासक मानतात की मध्ययुगात जर्मन प्रदेशात २४ डिसेंबरला, आदाम आणि एवा ह्यांच्या स्मरणदिनी, जे धार्मिक नाट्य होई त्यातल्या नंदनवनाच्या झाडापासून ख्रिसमस ट्री आले. त्यावर सफरचंदे लावत, आणि पुढे त्यांच्याच शेजारी पवित्र भाकरीची आठवण देणाऱ्या पातळ भाकऱ्या आल्या. म्हणजे ह्या झाडावरची पहिली वस्तू पराभवाची खूण होती! माणसाला नंदनवनातून बाहेर पडावे लागले, त्या पहिल्या प्रवासाची. आज आपण लावतो ते लाल गोळे त्या सफरचंदांचेच वंशज. ते झाड दुःख लपवत नव्हते. सफरचंद आणि भाकरी एकाच फांदीवर होती.

आणखी एक गोष्ट. आपल्या धर्मग्रामातल्या कित्येक घरांत पवित्र भूमीच्या यात्रेतून आणलेला ऑलिव्हच्या लाकडाचा तारा किंवा गाढव आहे. बेथलेहेम परिसरातली ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे कोरीवकाम करतात. झाडे न तोडता छाटलेल्या फांद्यांचे लाकूड ते वापरतात, आणि यात्रेकरू आले तरच त्यांचा माल खपतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि यात्रा थांबल्या. २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे खुद्द बेथलेहेमच्या चौकात नाताळचे झाड उभे राहिले नाही. आपल्या झाडावर मात्र त्यांचा तारा होता. तो लावताना ‘आम्ही २०१९ साली गेलो होतो’ एवढेच आपण म्हणालो का? ज्याच्या हाताने तो कोरला त्याच्या दुकानाचे शटर वर गेले की नाही, हे कुणाच्या मनात आले का? आठवणीची वस्तू घेताना आपण तिथल्या माणसाशी थोडे बांधले जातो. पैसे देऊन ते बंधन संपत नाही, असे आम्हाला वाटते. ह्यावर कुणाचे वेगळे मत असेल तर मिस्सानंतर जरूर बोलावे.

घरभेटीत एका ठिकाणी दोन भाऊ सहकुटुंब वेलंकनीला गेल्याचा शिंपला पाहिला. आज ते भाऊ जागेच्या वाटणीवरून बोलत नाहीत. घरातल्या बाईंनी विचारले, “हा लावू की नको?” आम्ही म्हणालो, लावा. मुलगी विचारील, काका कुठे आहेत? तेव्हा उत्तर देणे जड जाईल, पण त्या उत्तरासाठीच तो शिंपला आहे. न लावल्यास मुलगी विचारणार नाही आणि मग काका त्या घरातून खरोखरच गेले.

तर चर्चच्या झाडाविषयी. युवकांची सूचना आम्ही स्वीकारली आहे, थोडा बदल करून. प्रवास म्हणजे सहल नव्हे. लग्न होऊन या गावात आलात तो प्रवास, नोकरीसाठी पहाटेची पहिली गाडी पकडली तो प्रवास, रुग्णालयाची वाट आणि कब्रस्तानापर्यंत कुणाला पोहोचवले ती वाटही त्यातच. प्रत्येक कुटुंबाने एकच वस्तू द्यावी, मग ती कागदाची चिठ्ठी का असेना. कुणाची वस्तू कोणती, हे झाडावर लिहिले जाणार नाही. विचारणाऱ्याला तोंडी सांगावे. गोठा नेहमीच्या जागी, झाडाच्या पुढे राहील.

वस्तू पुढच्या रविवारी सकाळच्या दोन्ही मिस्सानंतर युवकांकडे द्याव्यात. दोरा घरूनच बांधून आणावा. काच कृपया आणू नये, लहान मुले झाडाखाली खेळतात. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर सर्व वस्तू परत मिळतील.

आपले,
प्रमुख धर्मगुरू