श्रीकांतला न दिलेलं

पावसाळ्यातली गंगा डोळ्यांपुढे आणा. काळोखी रात्र, पाण्याला जबर ओढ आणि लहानशा होडीत दोन मुलं. वल्हं इंद्रनाथच्या हातात, त्याला भीती ठाऊकच नाही. दुसरा श्रीकांत. त्याच्या पोटात गोळा आलाय, तरी तो बसून आहे. तुम्हीही घाई करू नका. त्या होडीत जरा बसा.

बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय भागलपूरला आजोळी वाढले. तिथे राजू नावाचा त्यांचा एक धाडसी मित्र होता. तो एके दिवशी घर सोडून गेला, तो परतलाच नाही. इंद्रनाथही तसाच निघून जातो. चाळिशीला आलेल्या शरदबाबूंनी त्या हरवलेल्या मित्राला पुन्हा होडीत बसवलं आणि नाव बदलून स्वतः त्याच्या शेजारी बसले.

तिथून ते लवकर उठले नाहीत. ‘श्रीकांत’ या कादंबरीचा पहिला भाग १९१७ सालचा, दुसरा १९१८चा. मग तिसऱ्यासाठी १९२७ उजाडलं आणि चौथा आला १९३३ साली. पाच वर्षांनी शरदबाबू गेले. मधल्या काळात त्यांनी इतर कितीतरी माणसं लिहिली. मामा वरेरकरांमुळे त्यांतली बरीच मराठी घरांतही नांदली. पण ते पुन्हा पुन्हा वळले ते या एका भटक्याकडे. जिच्यावर जीव जडलाय त्या राजलक्ष्मीपाशी येणाऱ्या, तिथून निघणाऱ्या आणि परत येणाऱ्या श्रीकांतकडे.

आता होडीतून उतरा. रंगूनला जाऊ.

शरदबाबू १९०३ साली तिथे गेले, हिशेबाच्या कचेरीत कारकुनी केली. श्रीकांतही जहाजाने तिथेच जातो. शहरात प्लेग येतो. श्रीकांत प्लेगच्या रोग्याची शुश्रूषा करतो, पुढे स्वतःच तापाने फणफणतो आणि ओळखीच्या अभयाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. ती त्याला आत घेते.

इथे थांबा. श्वास सावकाश होऊ द्या.

त्याच रंगूनमध्ये प्लेगने शरदबाबूंची पत्नी शांती गेली, तान्हा मुलगाही गेला. श्रीकांतला मात्र ना बायको, ना मूल. शरदबाबूंनी त्याला आपलं बालपण दिलं, मित्र दिला, जहाज दिलं, प्लेगसुद्धा दिला. ही दोन मरणं तेवढी दिली नाहीत.

स्वतःवर बेतलेलं पात्र लेखक सगळं सांगून मोकळं व्हायला घडवतो, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. आता वाटतं, ज्याच्यावर इतकी माया, त्याच्या पदरात बाप काय काय घालील? आपलं सगळंच दुःख त्याच्या पदरात टाकेल तो? काही तरी तो आपल्यापाशी ठेवीलच.

तुम्हीही असं काही ठेवलं असेल. त्याला नाव देऊ नका. नुसतं जवळ असू द्या.

आणि एकदा अभयाच्या दाराशी परत या. दार उघडतं, तापलेला श्रीकांत आत जातो. हे लिहिणारा माणूस उंबऱ्याबाहेर किती वेळ थांबला असेल? तेवढा वेळ आपणही तिथे उभे राहू.