गाडी कोणाची?

मेदक जिल्ह्यात, टेकमाळ मंडळातल्या वेंकटापूरच्या शिवारात, ९ जानेवारी २०२३ रोजी एक जळालेली गाडी सापडली. आत कोळसा झालेला देह. नंबरावरून गाडी हैदराबादच्या सचिवालयात नोकरी करणाऱ्या एका माणसाची निघाली, घरच्यांनी देह त्याचाच म्हणून सांगितलं, आणि इकडे शहरात तपास जोरात सुरू झाला. म्हणजे पोलिसांचा नव्हे, आपला. शेअर बाजारात बुडाला होता म्हणे. छे, देणेकरी मागे लागले असणार. कोणी म्हणे घरातलंच काहीतरी आहे. नल्लकुंट्यात इराणी चहाच्या एका कपात असे चार खुनी सहज सापडतात, आणि शेवटी कोणीतरी मान हलवून म्हणतंच, ‘कुछ तो भी चक्कर है.’

याच नल्लकुंट्यात फीव्हर हॉस्पिटल आहे. जुनी माणसं त्याला अजून कोरंटी दवाखाना म्हणतात. तिथे अंग भट्टीसारखं तापलेलं असलं तरी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर तापाला नाव देत नाहीत, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. समोरच्या फुटपाथवर मात्र आपल्याला एवढा धीर नसतो.

आठवड्याभरात उलगडा झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडीचा मालक जिवंत होता. त्याच्या नावावर सात कोटींहून अधिक रकमेचे विमे होते. गाडीजवळ पेट्रोलची बाटली सापडल्यामुळे पोलिसांना शंका आली आणि माग काढत ते पुण्यापर्यंत पोचले. गाडीत जळाला तो वेगळाच माणूस होता. निजामाबादच्या स्टेशनवरून त्याला सोबत घेतलं, मालकाचे कपडे त्याच्या अंगावर चढवले, असा आरोप आहे.

मला अडकून राहतं ते इथे. आपण इतके तर्क लढवले, त्यातले काही बरेच जवळ जाणारे होते. पैशांची अडचण खरीच निघाली. पण आत बसलेला माणूस कोण, हा प्रश्न कोणाच्याच तोंडी आला नव्हता. गाडी कोणाची, एवढं कळल्यावर मेलेला कोण तेही कळलं असं आपण धरून चाललो. आणि असा बेत रचणाऱ्याची सगळी भिस्त नेमकी या धरून चालण्यावर असते. त्याला पोलिसांना कायमचं फसवायचं नसतं, दहा-पंधरा दिवस लोकांनी नंबरप्लेट वाचून हळहळावं आणि मृत्यूचा दाखला हातात यावा, एवढंच त्याला पुरतं.

केरळात १९८४ च्या २१ जानेवारीच्या रात्री हेच झालं होतं. मावेलिक्करा इथे अॅम्बॅसेडर गाडी जळाली. गाडी सुकुमार कुरुप या आखाती नोकरदाराची, म्हणून मेला तो कुरुप. शवविच्छेदनात श्वासनलिकेत काजळी सापडली नाही, म्हणजे आग लागली तेव्हा तो माणूस श्वास घेत नव्हता. जळालेल्या देहाच्या मुठी वळलेल्या, कोपरं दुमडलेली दिसतात, तेव्हा बघणारे म्हणतात की बिचारा शेवटपर्यंत झगडला. तसं नसतं. उष्णतेनं स्नायू आखडतात आणि आधीच मेलेल्या माणसाचेही हात तसेच होतात. डोळ्यांनी जे ठरवलं ते काजळीच्या चार कणांनी, किंवा ते नसण्यानं, खोटं पडतं. मेलेला होता चाको, चित्रपटांचा प्रतिनिधी, रात्री घरी जायला गाडी मिळेना म्हणून लिफ्ट घेतलेला. घरी बायको गरोदर होती. कुरुप आजतागायत सापडलेला नाही. गेली चाळीस वर्षं तो कुठे कुठे दिसल्याच्या वावड्या उठतात, आणि २०२१ साली आलेल्या चित्रपटाचं नावही ‘कुरुप’च. चाको दिसल्याची वावडी उठण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडेही लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, डिसेंबर २०२५ मध्ये असंच उघड झालं. एक कोटीचा विमा, डोक्यावर कर्ज, गाडीत जळालेला लिफ्ट मागणारा वाटसरू. आणि पोलिसांनी ज्याला पकडलं तो ‘मृत’ मालक सिंधुदुर्गात. रात्री रस्त्याकडेला हात करणारा, स्टेशनावर काम मिळेल का म्हणून बसलेला, असेच लोक यासाठी निवडले जातात. कारण ते हरवले तर त्यांची चर्चा होणार नाही, हा हिशेब. हिशेब फार चुकीचा नसतो, हे आपल्या चहाच्या टेबलावर दिसतंच.

संशयच घेऊ नये असं मला म्हणायचं नाही. मेदकची गाडी कोणी संशय घेतला म्हणूनच बोलली. पण संशयाचाही एक क्रम असतो. अकस्मात मृत्यूच्या चौकशीत, म्हणजे पूर्वीच्या १७४ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या १९४ कलमाखाली, पंचांसमक्ष देह पाहायचा, जखमा नोंदवायच्या, मरणाचं वरकरणी कारण लिहायचं, इतकंच असतं. कोणी मारलं हा त्या चौकशीचा विषय नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली, तेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात, सांगितलेलं आहे. आपली चौकशी बरोबर त्या विषयापासून सुरू होते आणि देहापर्यंत पोचतच नाही.

इंग्लंडमध्ये ६ नोव्हेंबर १९३० च्या पहाटे नॉर्थॅम्प्टनजवळ आल्फ्रेड राउस नावाच्या फिरत्या विक्रेत्यानं वाटेत भेटलेल्या एका माणसाला आपल्या गाडीत जाळलं. तोही स्वतः मेल्याचं भासवायला निघाला होता. मार्च १९३१ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्या खटल्यावर भरपूर लिहिलं गेलं, त्याची लफडी, त्याची उधारी सगळ्यांना पाठ. गाडीतल्या माणसाचं नाव मात्र खटल्यात कळलं नाही, नंतरही नाही. लंडनमधल्या एका घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या एक शंका चालत आली होती. त्यांच्यातला एक तरुण त्याच सुमारास डॉक्टरकडे जातो म्हणून घराबाहेर पडला आणि परतला नव्हता. तो हाच असेल का? शवविच्छेदनाच्या वेळचा पेशींचा नमुना काचेवर जपून ठेवलेला होता. त्यातून डीएनए काढून विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी तो त्या घरातल्यांशी ताडून पाहिला. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना उत्तर मिळालं: तो तुमचा नव्हे.