फाळाचा दोष कोणाच्या माथी?

जमीन नांगरणे ही हिंसा आहे का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. लोखंडी तोंडाचे लाकूड भूमीला आणि तिच्यातल्या जिवांना इजा करते, म्हणून मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीला दोष दिला आहे. बौद्ध विनयात भिक्षूला माती खणायची मनाई आहे. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’तला तरुण सिद्धार्थ नांगरलेल्या रानातले मेलेले किडे पाहून आप्त गेल्यासारखा व्याकूळ होतो. जैन श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांतही जमीन फोडणे येते. या साऱ्यांनी जे पाहिले ते खरेच होते. त्यावर काढलेला तोडगा मात्र मला पटत नाही. नांगर दुसऱ्याच्या हाती राहिला आणि धान्य सगळ्यांच्या ताटात आले. पाप हातांना लागते आणि तोंडाला लागत नाही, असे मानल्याशिवाय ही वाटणी उभीच राहत नाही. अन्न खाणारा प्रत्येक जण नांगराच्या त्या तासाचा वाटेकरी आहे.

मग प्रश्न उरतो तो ही इजा कमी कशी करायची याचा. पालघर जिल्ह्यातल्या सालवड आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात शेती म्हणजे मुख्यतः भात, आणि भात म्हणजे चिखलणी. पाणी साचलेल्या खाचरात नांगर किंवा पॉवर टिलर इतका फिरवतात की मातीचे कण सुटे होतात आणि खाली घट्ट थर बसतो. पाणी धरून ठेवायला तो थर उपयोगी पडतो, पण भातानंतर गहू किंवा हरभरा घ्यायचा म्हटला की तीच जमीन ढेकळांची आणि भेगांची होते, मुळे खोल जात नाहीत. रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी याला पर्याय दिला. एकदा गादीवाफे करायचे, मग चिखलणी नाही आणि लावणीही नाही. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत दाणे टाकायचे. कापणीनंतर धसकटे उपटायची नाहीत. मुळे जागच्या जागी कुजतात, त्यांच्या पोकळ वाटांतून पाणी आणि हवा खाली उतरते, गांडुळे परततात. गांडुळे माणसाच्या आधीपासून जमीन नांगरत आली आहेत, हे डार्विनने 1881 मध्येच लिहून ठेवले होते. पंजाब-हरियाणात गव्हासाठी हेच तत्त्व ‘हॅपी सीडर’ यंत्राने राबवले जाते: भाताचा पेंढा न जाळता, न नांगरता, त्यातच थेट पेरणी.

यावर पहिला आक्षेप उत्पन्नाचा. ‘नेचर’मध्ये 2015 साली आलेल्या मोठ्या जागतिक आढाव्यात, बिननांगरणीच्या शेतांचे उत्पन्न सरासरी 5.7 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र कोरड्या हवामानातल्या जिरायत जमिनीत, पिकांचे अवशेष राखून आणि पिकांची फेरपालट करून, ते 7.3 टक्क्यांनी वाढलेही. म्हणजे नुसता नांगर बाजूला ठेवून भागत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नांगर तण मारतो. तो थांबला की बहुतेक ठिकाणी ग्लायफोसेट हे तणनाशक येते, आणि सगुणा बागेच्या पद्धतीतही तणनाशकाचा वापर आहे. केंद्र सरकारने 2022 मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले ते माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याच्या काळजीपोटीच. फाळाने चिरडलेला किडा डोळ्यांना दिसतो, फवाऱ्याने झालेली हानी दिसत नाही. म्हणून जमीन हलली नाही एवढ्यावरून अहिंसा सिद्ध होत नाही. एकूण इजा किती घटली, हाच निकष लावला पाहिजे. त्या निकषावर पेंढ्याचे आच्छादन, भातामागून वालासारखे द्विदल पीक आणि हाताने बेणणी ही वाट मला सर्वांत न्याय्य वाटते, पण तिच्यात मजुरी जास्त लागते. ती मजुरी आणि सुरुवातीच्या वर्षांतली तूट पालघरच्या लहान शेतकऱ्याने एकट्याने सोसावी, असे म्हणायचा अधिकार खाणाऱ्याला नाही. अशा शेतातल्या तांदळाला आणि गव्हाला आपण चार पैसे जास्त मोजावेत आणि सरकारने पहिल्या हंगामांची तूट भरून द्यावी.