पाण्याला घाई चालत नाही

आमच्या घरामागे पोहण्याचा एक हौद आहे. घराच्या नकाशावर त्याला ‘स्विमिंग पूल’ म्हटलंय, पण घरात तो पहिल्यापासून हौदच. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद, एक मीटर वीस सेंटिमीटर खोल. म्हणजे ४८ हजार लिटर पाणी. २००९ साली नाशिकला मखमलाबादच्या अंगाला घर बांधलं, तेव्हा हिच्या गुडघ्यांसाठी तो बांधून घेतला. संधिवाताने तिला जिना चढणं अवघड झालं होतं आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं निम्म्याहून अधिक वजन पाणी पेलतं. जमिनीवर दहा पावलांत थकणारी माझी बायको हौदात अर्धा तास चालते. हे मी रोज पाहतो, म्हणून त्या पाण्याबद्दल मला फार वाटतं.

गेल्या वर्षी त्या हौदाचा पंप आणि फिल्टर दोन्ही बदलले. काम चार दिवसांत उरकलं, पण त्याआधीचे दोन महिने मी पाणी, वाळू आणि वेग यांचाच विचार करत होतो. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातलं बरंचसं या दोन महिन्यांत नव्याने समजलं.

तक्रार जुनी होती. पाणी हिरवं होत नसे, कारण क्लोरीन वेळच्या वेळी पडत होतं. पण ते दुधट दिसायचं. तळाच्या फरशीवरची निळी पट्टी सकाळी अंधुक, संध्याकाळी नाहीशी. पंपाच्या सीलमधून थेंब गळून खालच्या ओट्यावर पांढरा क्षार साचला होता आणि बेअरिंगचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा. दर पाच-सहा महिन्यांनी पाणी इतकं खराब व्हायचं, की हौद रिकामा करून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नसे. एकदा भर एप्रिलमध्ये ही वेळ आली. बोअरला पाणी नव्हतं, चार-पाच टँकर मागवावे लागले. याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर त्या दिवसांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. हिने तर सांगूनच टाकलं, “असं पाणी फेकायचं असेल तर हौद बुजवून टाका. माझे गुडघे राहू देत.”

बुजवायचा नव्हता, म्हणून दुरुस्तीचा विचार सुरू केला. ज्याला विचारलं त्याने एकच सल्ला दिला: दीड एचपीचा पंप आहे ना, मग दोनचा बसवा, जमलं तर तीनचा. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे पंपाची ओळख विहिरीवर आणि इमारतीच्या टाकीखाली होते. पाणी खालून वर चढवायचं असतं आणि तिथे जोर लागतोच. तीन मजल्यांवरच्या टाकीचा पंप मंद फिरवला तर पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन थांबेल, टाकीत एक थेंबही पडणार नाही. गावाकडे तर पाच एचपीची मोटार हे घरच्या ऐपतीचं माप होतं. ही समज पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि तिच्या जागी ती अगदी बरोबर आहे.

पण हौदाची गोष्ट निराळी. इथे पाणी हौदातून निघतं, पंपातून फिल्टरमध्ये जातं आणि परत त्याच हौदात, त्याच पातळीला येऊन पडतं. म्हणजे पाणी कुठे चढवायचंच नाही. पंपाला झगडावं लागतं ते फक्त घर्षणाशी: पाइपाच्या भिंतीशी, एल्बोच्या वळणांशी आणि फिल्टरमधल्या वाळूशी. पाणी जितकं जोरात ढकलावं तितकं हे घर्षण वाढतं, तेही वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या पटीत. पंपाचा नियम असा, की फेरे निम्मे केले की पाणी निम्मं येतं, पण वीज निम्मी नव्हे तर साधारण एक अष्टमांश लागते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट तास चालवला तरी एकूण वीज पूर्वीच्या पावपट. प्रत्यक्षात मोटारीत थोडी तूट होते, म्हणून फायदा इतका नेमका येत नाही, पण बराचसा पदरात पडतो. याच कारणाने अमेरिकेत २०२१च्या जुलैपासून मोठ्या क्षमतेच्या नव्या पूल-पंपांना कार्यक्षमतेचे असे निकष लागू झाले, की तिथे वेग बदलता येणारे पंपच बसवावे लागतात. हा नियम मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. तो घरामागच्या पंपाला लागू करायला इतकी वर्षं लागली, याची खंत आहे.

फिल्टरचं मर्म मात्र मला द्राक्षबागेत कळलं. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. त्याच्या ठिबकाच्या शेडमध्ये एक सँड फिल्टर उभा आहे. आमच्या हौदाचा फिल्टर त्याचाच भाऊबंद. अण्णाच्या फिल्टरला दोन दाबमापक आहेत, एक पाणी आत शिरतं तिथे आणि दुसरा बाहेर पडतं तिथे. तो रोज सकाळी दोन्ही आकडे बघतो. दोहोंतला फरक वाढला की वाळूत घाण साचली, बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून वाळू धुवायची. फरक वाढला नसेल तर फिल्टरला हात लावायचा नाही. मी आमची अडचण सांगितली, तेव्हा त्याने पंपाबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं, “टाकीचा व्यास किती तुझ्या फिल्टरचा?”

मी सांगितलं, वीस इंच, पाचशे मिलिमीटर.

“मग मोटार वाढवून काय करशील? टाकी तेवढीच ठेवून पाणी जोरात लोटलं की वाळूत वाटा पडतात. पाणी त्या वाटांनी निघून जातं अन् बाकीची वाळू नुसती बसून राहते.”

घरी येऊन हिशेब मांडला. पाचशे मिलिमीटर व्यासाच्या टाकीत वाळूचा पृष्ठभाग जेमतेम ०.२ चौरस मीटर. जुना पंप तासाला १८ हजार लिटरच्या आसपास पाणी ढकलत होता. म्हणजे दर चौरस मीटर वाळूतून तासाला जवळजवळ ९० घनमीटर पाणी. घरगुती हौदाच्या वाळूला तासाला ५० घनमीटरही जास्तच, तीस किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम. आमचं पाणी वाळूत गाळलं जातच नव्हतं, ते वाळूतून पळत होतं. बारीक मळ जसाच्या तसा हौदात परत येत होता. पंप कमी पडत होता असं आम्ही पंधरा वर्षं धरून चाललो. खरं तर तो पहिल्या दिवसापासून फिल्टरला झेपत नव्हता.

वाळूची ही करामत जुनी आहे. लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ साली वाळूच्या थरातून थेम्सचं पाणी गाळायला सुरुवात केली. १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसं गेली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. त्याला खेटून असलेलं आल्टोना गाव तर त्याच नदीचं, शहराच्या खालच्या अंगाचं, अधिक घाण पाणी घेत होतं, पण वाळूतून सावकाश गाळून. आल्टोना पुष्कळ अंशी वाचलं. अशा संथ गाळणीत वाळूवर सूक्ष्मजीवांचा थर जमतो आणि पाणी तासाला वीतभरही खाली उतरत नाही. आमच्या हौदाचा फिल्टर त्या जातीचा नाही. इथे जंतू मारायचं काम क्लोरीनचंच. पण वाळू दोन्हीकडे एकच गोष्ट मागते, ती म्हणजे वेळ.

त्याप्रमाणे ठरवलं: फिल्टर मोठा आणि पंपाचा वेग कमी. नवी टाकी सातशे मिलिमीटर व्यासाची घेतली. व्यास दोनशेनेच वाढला, पण वाळूचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. पंप वेग बदलता येणारा घेतला, कारण बॅकवॉशला मात्र जोर लागतो. उलट दिशेने पाणी सोडून वाळू उचलली गेली पाहिजे, तरच मळ सुटतो. गाळताना मंद आणि धुताना वेगवान, अशी दोन्ही कामं एकाच मोटारीकडून करून घ्यायची होती. हौदापासून पंपापर्यंतचा दीड इंची पाइप काढून दोन इंची टाकला. तेवढ्याच पाण्याला त्या अर्ध्या इंचामुळे घर्षण जेमतेम चौथाई उरतं. वाटेतले तीन एल्बोही कमी केले.

जुना फिल्टर उघडला तो क्षण मी विसरणार नाही. वरची वाळू हाताला सिमेंटसारखी लागली. आमचं बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुन्याने वाळूचे मुठीएवढे गोळे झाले होते. गोळ्यांच्या मधून बोट जाईल अशी भोकं सरळ खाली गेली होती. अण्णाने सांगितलेल्या त्याच वाटा. भोकांच्या कडेची वाळू काळसर, तेलकट. थोड्या बाजूची मात्र बाजारातून आणल्यासारखी स्वच्छ. पंधरा वर्षांत तिच्यातून पाणी गेलंच नव्हतं. तळाशी पाणी गोळा करणाऱ्या बारीक चिरांच्या नळ्या असतात, त्यांतल्या दोन मोडलेल्या निघाल्या. हौदाच्या तळाला कधीमधी वाळू का सापडते, त्याचंही उत्तर मिळालं.

नव्या टाकीत वाळू भरताना फिटरने आधी अर्धी टाकी पाण्याने भरली. का, म्हणून विचारलं. म्हणाला, “सर, कोरड्या टाकीत पोतं रिकामं केलं की वाळूच्या माराने नळ्या तुटतात. पाण्यात ओतली की अलगद बसते.” पन्नास किलोची पाच पोती त्याने मधल्या पाइपाचं तोंड कापडाने बांधून, ओंजळीओंजळीने सोडल्यासारखी ओतली. जुन्या नळ्या बहुधा पहिल्याच दिवशी, घाईत, मोडल्या असाव्यात.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जुन्या पंपाची वायर सोडवली तेव्हा दिसलं, की अर्थिंगची तार पंपाच्या अंगाला जोडलेलीच नव्हती आणि त्या लाइनवर वीज गळताच प्रवाह तोडणारा आरसीसीबीही नव्हता. ज्या कंत्राटदाराने काम केलं होतं, त्याने पैसे पूर्ण घेतले होते. पंधरा वर्षं माझी बायको, मुली, नातवंडं त्या पाण्यात उतरली. काही झालं नाही, हे केवळ नशीब. आता तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे आणि मी दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबून बघतो. पाणी आणि वीज जिथे शेजारी नांदतात, तिथे हा खर्च सगळ्यात आधी करायचा असतो.

पंप सुरू झाला तेव्हा मी जवळ उभा होतो, तरी तो चालू आहे हे झाकणाच्या काचेतून फिरणारं पाणी बघून कळलं. आता तो तासाला सात हजार लिटर पाणी फिरवतो आणि रोज दहा तास चालतो. दिवसात हौदाचं पाणी जवळजवळ दीड वेळा गाळून निघतं. पूर्वी दिवसाला साडेआठ युनिट वीज लागायची, आता तीन लागतात. चौथ्या दिवशी सकाळी ही हौदाच्या काठावर उभी राहून म्हणाली, “पट्टी दिसतेय बघा.” तळाची निळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसत होती.

फिल्टरवर मी खडूने एक आकडा लिहून ठेवला आहे: स्वच्छ वाळूचा दाब. काटा त्याच्यावर आठ-दहा पीएसआय चढला की बॅकवॉश, एरवी नाही. पूर्वी दर रविवारी सवयीने व्हायचा, आता महिन्यातून एकदा पुरतो. त्याचं सहा-सातशे लिटर पाणी एका टाकीत दोन दिवस उन्हात ठेवतो, क्लोरीन उडून जातं आणि ते आंब्याला, चिकूला जातं. एप्रिल-मेमध्ये वाफ होऊन दिवसाला दोनेकशे लिटर जायचं, म्हणून रात्री हौदावर आच्छादन ओढतो. क्षार वाढतात, पण पावसाळ्यात वरून पडणारं पाणी ते पातळ करून जातं.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सुधारणा म्हटलं की आपल्याला अधिक ताकद आठवते: मोठी मोटार, मोठा आवाज, लवकर निकाल. पण ज्या कामात काहीतरी निवळायचं असतं, तिथे ताकदीने काम बिघडतं. तिथे जागा मोठी लागते आणि वेग कमी. वर्गात उत्तर लवकर हवं म्हणून मी मुलांना जेव्हा जेव्हा घाई केली, तेव्हा गाळण नीट झालं नव्हतं, हे आता कळतं.

घरी हौद असणं ही चैन आहे, हे मी नाकारत नाही. पाण्याच्या तंगीच्या मुलखात ती करायची तर तिची एक अट पाळली पाहिजे: एकदा घेतलेलं पाणी जपायचं. म्हणून ज्यांच्याकडे असा हौद आहे, सोसायटीत असो की बंगल्यात, त्यांना एवढीच विनंती. पंप बदलायची वेळ आली की किती एचपीचा, हे शेवटी विचारा. आधी विचारा, हौदात पाणी किती, ते किती तासांत फिरवायचं आणि फिल्टरची वाळू तेवढं पाणी सावकाश गाळू शकते का. पंप बदलल्याला आता दीड वर्ष होत आलं. मधे एक उन्हाळाही गेला, पण हौद एकदाही रिकामा करावा लागलेला नाही.