देह : पंचविसावा गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

अवधूतांचे चोवीस गुरू आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. पृथ्वी, वायू, आकाशापासून सुरुवात करून मासा, पिंगळा, कोळी, कुंभारीण माशीपर्यंत आपण बोटांवर मोजतो आणि चोवीस झाले की थांबतो. पण श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, नवव्या अध्यायात, यदुराजाशी बोलताना अवधूत तिथे थांबलेले नाहीत. पुढे ते सांगतात की हा माझा देहसुद्धा माझा गुरूच आहे. बाकीचे गुरू शोधायला बाहेर पाहावं लागतं. हा जन्मापासून बरोबर आहे, आणि नेमका तोच मोजायचा राहून जातो.

मंदिरात चार समवयस्क मंडळी बसली की देहाविषयी दोन तऱ्हेचं बोलणं कानावर येतं. एक म्हणतो, "आता काय राहिलंय या शरीरात? नुसतं खोकं झालंय." दुसरा म्हणतो, "देहाचे एवढे चोचले कशाला? देहबुद्धी सोडा." या बोलण्याचे परिणाम साधे नसतात. गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीवर बसून गुरुचरित्राचं पारायण करणाऱ्या आजींना अपराध्यासारखं वाटतं. मधुमेह असताना सप्ताहाचा उपवास धरतात, पण गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारत नाहीत. सकाळी हिमायत बागेत किंवा गोगाबाबा टेकडीकडे फिरायला जाणाऱ्याला ऐकावं लागतं, "तेवढा वेळ जपाला बसला असतात तर?"

प्रश्न खरा आहे. जाणाऱ्या देहाची काळजी घेणं ही आसक्ती की उपासना? आणि देवाने दिलेल्या देहात समाधान मानायचं, तर तो सुधारण्याची खटपट कशासाठी?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, पैठणला सुरू झालेल्या ग्रंथात सापडतं. एकादश स्कंधावरची नाथमहाराजांची टीका, म्हणजे एकनाथी भागवत, पुढे काशीत १५७३ साली पूर्ण झाली. अवधूतांच्या या बोलण्यावर नाथ जे सांगतात त्याचा आशय असा : देह वाईट म्हणून टाकून दिला तर मोक्षाचं साधनच हातचं जातं. चांगला म्हणून भोगत बसलो तर अधोगती ठरलेली. म्हणून देह टाकायचाही नाही आणि भोगायचाही नाही. आत्महितासाठी राबवायचा.

भागवतात अवधूत देहाला परका म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे चटकन समजतं. रोज लाखो रुपये हातातून जातात, त्यातला एकही आपला नसतो. म्हणून कोणी कॅशियर नोटा इकडेतिकडे टाकत नाही. दुसऱ्याचे आहेत म्हणूनच तो दोनदा मोजतो, आणि दुसऱ्याचे आहेत म्हणूनच त्यातून स्वतःची हौस भागवत नाही. नाथांचंच पाहा. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचं काम करताना एका पैची चूक शोधायला त्यांनी रात्र जागवली, असं परंपरा सांगते. ती पै काही त्यांची नव्हती. देहही असाच, दत्तप्रभूंनी सांभाळायला दिलेली ठेव आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हिशेबातच आहे. वाणिज्य शाखेत 'घसारा' शिकवतात. यंत्र जुनं होत जातं तशी दरवर्षी वहीत त्याची किंमत कमी लिहायची. पण किंमत कमी झाली म्हणून कोणी यंत्राला शिव्या देत नाही, आणि त्याचं तेलपाणीही थांबवत नाही. घसारा मान्य करणं आणि देखभाल करणं, दोन्ही एकाच वहीत चालतं. केस पिकले, नजर मंदावली, जिना चढताना धाप लागते, हा झाला घसारा. तो आनंदाने लिहावा. रोजचं चालणं, वेळेवरची गोळी, बेताचं जेवण ही देखभाल.

गुरुचरित्राचा तेरावा अध्याय आठवा. पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघाला होता. श्रीगुरूंनी त्याला अडवलं. आत्महत्या हे महापाप आहे, असं बजावलं. एवढ्यावर न थांबता त्याला सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घालायला सांगितलं. अन्नाने याचा जीव जाईल, ही सायंदेवाची भीतीही त्यांनी दूर केली. ज्या देहाचा त्या माणसाला वीट आला होता, त्या देहाला श्रीगुरूंनी पंगतीला बसवलं. ते दत्तावतारी होते. देहाला क्षुद्र म्हणून झिडकारायचं असतं तर त्यांनीच ते केलं असतं.

मग देखभाल कुठे संपते आणि देहबुद्धी कुठे सुरू होते? एक साधी कसोटी आहे : हे कशासाठी चाललंय? काटा एका किलोने पुढे सरकला की दिवसभर चिडचिड, शेजाऱ्याच्या तब्येतीशी बरोबरी, आरशाशी भांडण, ही देहबुद्धी. पण आरतीला उभं राहता यावं, शूलीभंजनला डोंगरावर दत्तदर्शनाला जाता यावं, नातवंडाला उचलून घेता यावं, म्हणून पाय चालते ठेवणं ही सेवा आहे.

या सेवेला फार काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते. पासष्टीनंतर स्नायूंच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचेही व्यायाम सांगते. आता उशीर झाला, असं तर मुळीच म्हणू नये. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या डॉक्टरांनी नव्वदीतल्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. खाण्याच्या बाबतीत मासा हा गुरू आहेच. जिभेपायी तो गळाला लागतो. गुरुवारच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेताना त्याची आठवण ठेवावी.

आणि ज्यांचा देह आता सुधारणारच नाही त्यांचं काय? अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला आपला दत्तभक्त काय करील? श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाचा शूळ घालवला. प्रत्येकाचा तसा जाईलच, असं नाही. पण अवधूतांनी देहाला गुरू म्हटलं ते तो धडधाकट होता म्हणून नव्हे. तो झिजतो, दुखतो, एक दिवस पडतो, आणि हे सगळं दाखवून विवेक आणि वैराग्य शिकवतो, म्हणून तो गुरू. या अर्थाने आजारी देह तर रोज पाठ देतो. ज्याचा एकच हात हलतो त्याने त्या हाताने माळ ओढावी. ज्याची नुसती जीभ चालते त्याने नाम घ्यावं. ठेव किती उरली यावर सांभाळणाऱ्याची किंमत ठरत नाही. उरलेली त्याने कशी जपली, यावर ठरते.

सकाळी उठल्यावर आपण करदर्शन करतो. त्या वेळी हातांबरोबर गुडघ्यांवरूनही एकदा हात फिरवावा. साठ-सत्तर वर्षं त्यांनी आपल्याला देवापर्यंत नेलं आहे. त्यांना मनातल्या मनात नमस्कार करावा, आणि मग चपला घालून फिरायला निघावं.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!